मागे घेतलेला लेख

डॉ. महानंदा हालगे यांना मी प्रथम भेटलो तो पीएच.डी.च्या प्रवेशासाठी. भोकरहून नांदेडला आलो होतो. पिशवीत माझे छापून आलेले पाच लेख होते. मॅडमनी ते चाळले आणि विचारले, "यातला एखादा तुला स्वतःला पुन्हा वाचावासा वाटतो का?"

मी पाचही लेख पुन्हा उलटून पाहिले. मग म्हणालो, "नाही."

त्या हसल्या. "मग आपलं जमेल."

आमच्या क्षेत्रात लेखांची घाई फार. बढतीला लेख, मुलाखतीला लेख, प्रबंध सादर करायलाही लेख. मॅडमनी त्या घाईवर आपल्यापुरता एक उपाय काढला होता. कुणाचा लेख संपादकांकडून परत आला की दुसऱ्या दिवशी त्या घरून डबाभर सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले भिजवलेले चुरमुरे, आणत. ज्याचा लेख, त्याने परीक्षकाचा शेरा मोठ्याने वाचायचा. बाकीच्यांनी चुरमुरे खात ऐकायचा. तिसऱ्या वाक्याला वाचणाराही हसू लागे. लेख छापून आला तर नुसता चहा. "ज्याचा छापून आला तो काय, खुशीतच असतो," असे त्या म्हणत.

माझा विषय होता बिलोली भागातल्या जात्यावरच्या ओव्या. तिथल्या एका खेड्यात गंगव्वा मावशी डाळ भरडताना गात आणि मी शेजारी बसून लिहून घेई. एक ओवी मला मोलाची वाटली:

आला चष्म्याचा मुन्शी, वही भरभरून नेतो
माझ्या जात्याला गं बाई, हात लावायाला भेतो

मुन्शी म्हणजे निजामाच्या काळातला वसुली कारकून, असे मी ठरवले आणि त्यावर बारा पाने लिहिली. मॅडमनी ती तपासली. लेख स्वीकारला गेला. प्रबंधाची मुदत दोन महिन्यांवर आली होती आणि त्याच विषयावरच्या छापील लेखाशिवाय तो सादर करता येत नव्हता. मी सुटलो होतो.

मॅडमचा एक नियम होता. ज्यांच्याकडून घेतले, त्यांना छापण्याआधी वाचून दाखवायचे. आम्ही दोघे गेलो. मी वाचू लागलो. निजामाचे नाव आले तशा मावशी पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अरे बाबा, ती जुनी न्हाई. तुलाच बघून म्हणली म्या. चष्मा लावून बसलास, वही भरून राहिलास. एक तरी मूठ टाकलीस का जात्यात?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मॅडम, हे कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की."

"मुदत संपते हो."

"हाव, संपते. वाढवून मागू. लेख मागे घे." थोड्या वेळाने त्या पुन्हा हसल्या. "अरे, गाणं शोधायला गेलास आणि तुझ्यावरच गाणं झालं. असं कितीजणांच्या नशिबी येतं?"

मी लेख मागे घेतला. मुदतवाढीच्या बैठकीत मला उभे केले गेले, तेव्हा मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "लेख मी तपासला होता. चूक दोघांची आहे. दोघांना मिळून विचारा." कुणी फार विचारले नाही. सहा महिने मिळाले.

नवा लेख समोरच्या माणसावर ओवी कशी रचली जाते, यावर होता. मॅडमनी त्यावर आपले नाव घालू दिले नाही. गंगव्वा मावशींचे मात्र आग्रहाने शीर्षकात घालायला लावले. तो मुदतीच्या आत छापून आला.

तोंडी परीक्षेला मॅडमनी मावशींना पहिल्या रांगेत बसवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारले, "ही ओवी त्याच दिवशी रचलेली आहे, याला पुरावा काय?"

मी तोंड उघडण्याआधी मावशी म्हणाल्या, "म्या हाय की!"

सभागृह हसले. परीक्षकांनी मावशींना हात जोडले आणि पुढचे दोन प्रश्न सरळ त्यांनाच विचारले. मी उभा होतो. मॅडम डोळे पुसत होत्या.

आज मी मुरुडला शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मुदतीची भीती वाटते तेव्हा मी त्यांना नांदेडची बस दाखवतो. मॅडम त्यांचे लेख वाचतात, खोडतात आणि हसत परत पाठवतात. आता त्या साठ वर्षे पूर्ण करत आहेत; त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. आम्हाला अजून पुष्कळ चुका करायच्या आहेत.