शनिवारची गोळी

दिवेलागण झाली की विमलकाकू बाही कोपरापर्यंत सारून हात खिडकीच्या उजेडाशी धरायच्या. थोड्याच वेळात मनगटाच्या वर लाल गांधी उठायच्या, लांबट, शेजारी शेजारी, कुणी घट्ट धरून सोडल्यासारख्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकून मागे सरकले. काकू शांतपणे म्हणाल्या, "हे आलेत. बैस तू."

"हे" म्हणजे त्यांचे यजमान. रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. माधव नगरात आम्ही काकूंच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याआधीची ही गोष्ट. रामघाटावर क्रियाकर्म झालं तेव्हा गुरुजींनी रीतीप्रमाणे, गेलेल्याच्या नावाने आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायला सांगितलं. काकूंनी कारलं सोडलं. कारलं त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं.

"सगळेच असं करतात गं," त्या म्हणायच्या, "पण ह्यांनी पकडलं मला. महिन्याभरात अंगावर उठायला लागलं. मतलब, खरं आवडीचं दे म्हणतायत."

मग काकू देतच सुटल्या. वांगं खाल्लं आणि गांधी उठल्या, वांगं बंद. शेंगदाणे बंद, दही बंद, तुरीचं वरणही बंद. ताटात भात आणि मुगाचं पाणी उरलं, तरी संध्याकाळी हात लाल व्हायचाच. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सकाळी पोहे खाल्ल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नसे त्यांनी पोहेही सोडले, तेव्हा मात्र मला धडकी भरली. ही बाई एकेक घास करत नवऱ्यामागे चालली होती.

मी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, खाणंपिणं विचारलं. म्हणाले, वर्षानुवर्षं उठणाऱ्या गांधींचं कारण बहुतेक वेळा खाण्यात नसतंच, तुमच्याही नाही. रोज एक गोळी घ्या आणि पोटभर जेवा. काकूंनी मान डोलावली. परतताना रिक्षात म्हणाल्या, "डॉक्टर कातडीचा आहे बिचारा. ह्यांना तो थोडीच ओळखतो?"

मी पिच्छा सोडला नाही. रोज सकाळी त्यांच्या हातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. काही दिवसांनी पोहे करून नेले, वर शेव आणि लिंबू, आणि त्यांनी ताटली संपवेपर्यंत हलले नाही. दिवेलागणीला हात खिडकीशी गेला. आम्ही दोघी बघत बसलो. अंधार पडला तरी हात कोराच. मला इतका आनंद झाला की त्यांच्या तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं. बघितलं तर काकू रडत होत्या.

"आज आले नाहीत गं हे."

त्या वळांची काकू दिवसभर वाट बघत असत, हे मला तेव्हा कुठे कळलं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की जेवायचं, गोळीही घ्यायची, पण शनिवारी गोळी नाही. "एक दिवस तरी येऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं. काकू अंगाने भरल्या, भरितावर ताव मारू लागल्या. शनिवारी संध्याकाळी मी खाली जात नसे. जिन्यात त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू यायचं. मध्येच त्या थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशा, आणि मग हसायच्या.

त्या गेल्या त्याही शनिवारीच, संध्याकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीत. आंघोळ घालताना मी त्यांचा हात उचलला. वळ होते, वरच्या बाजूला चार आणि आतल्या बाजूला अंगठ्याएवढा एक. बाकीच्या बायकांना दिसले की नाही, मी विचारलं नाही.

रामघाटावर, परगावाहून आलेल्या त्यांच्या मुलाने जिलबी सोडली. मीही काही सोडते, असं मी गुरुजींना म्हटलं. काकूंवाचून खालचं घर मला बघवत नव्हतं. मला पोहे आवडतात, आमरस आवडतो. कारलं मी तोंडातही घालत नाही.

मी कारलं सोडलं. आता दिवेलागण झाली की बाही वर सारून खिडकीशी बसते.