तालमीत भरलेली इंग्रजी शाळा
परवा एका तालमीवरून जाताना तेल-ताक घातलेल्या तांबड्या मातीचा वास आला आणि पाय थबकले. महाराजांच्या राज्यात मी आणि माझ्या मित्राने कोल्हापुरात खाजगी इंग्रजी शाळा काढली, तेव्हा बड्या लोकांची दारं झिजवली होती; कल्पना सगळ्यांना पसंत, पण ओसरी कुणी देईना. जागा दिली ती एका तालमीच्या वस्तादांनी. सकाळची मेहनत आटोपली की तालीम आमची. अटी दोनच, पायताण बाहेर आणि आत येताना माती कपाळाला. आखाड्याच्या कडेला पोरं मांडी घालून बसत आणि गुडघे तांबडे करून इंग्रजी कविता म्हणत. एके दुपारी शाळेला परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला एक इंग्रज साहेब आले, गुडघ्यापर्यंत बूट घालून. वस्ताद दारात आडवे आले. "पावणं, पायताण भाईर काढा की. हितं कुणाचंबी चालत न्हाय." ते मी इंग्रजीत सांगितलं. साहेब माघारी वळले असते तर शाळा तिथंच संपली असती. पण ते पायरीवर बसले. बूट काही निघेना. तेव्हा वस्तादच समोर उकिडवे बसले, टाच धरून म्हणाले, "पाय सैल सोडा, सायेब," आणि एका हिसड्यात बूट उपसला. साहेब हसले. आत शिरताना पोरांचं बघून त्यांनीही चिमूटभर माती कपाळाला लावली. परवानगी मिळाली. पुढे शाळा वाढली, दगडी इमारत झाली, बूट घालून वर्गात जायची सोय झाली. आजही तिथं गेलो की दारात माझा हात आपसूक खाली जातो, आणि बोटांना नुसती गार फरशी लागते.