संतप्त नागरिक, एकूण एक

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. सक्करदऱ्याच्या तलावाजवळची आमच्या वस्तीची बाग. बाकावर मी, आणि समोर दहाबारा बायका एका परदेशी गाण्यावर व्यायाम करत होत्या.

माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली तर तिखटमीठ लावेल.

गाणं स्पॅनिश. रेगेटॉन म्हणतात म्हणे. धुम्, त-धुम्-त, धुम्, त-धुम्-त, एकच ठेका, न थकता. गाणारा असा खुशीत, जणू त्याला जन्मात कधी कामावर जायचंच नव्हतं. मी तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस. एवढ्या सकाळी एवढा आनंद मला संशयास्पद वाटतो.

वर्ग घेणाऱ्या वंदनाताई निवृत्त परिचारिका. त्यांना म्हटलं, "बंद करा हे. अश्लील आहे."

"कोणता शब्द अश्लील आहे, भाऊ?"

"सगळंच."

"म्हणजे तुमाले स्पॅनिश येते. मंग आमाले बी अर्थ सांगा. तीन महिन्यांपासून आमी नुसत्याच नाचून राहिलो."

बायका हसल्या. मला लागलं. त्याच तिरमिरीत घरी येऊन बातमी लिहिली: ‘बागेत अश्लील गाण्यांचा धिंगाणा, परिसरातील नागरिक संतप्त’.

किती नागरिक, विचारता? आमच्या धंद्यात बातमीदार चिडला की ‘मी चिडलो’ असं छापता येत नाही. मग परिसर चिडतो. त्या दिवशी परिसरात मोजून एक जण संतप्त होता, आणि त्यानं दाढीही केलेली नव्हती.

बातमी छापून आली. दुसऱ्याच दिवशी बागेचं काम पाहणाऱ्या कार्यालयाची गाडी आली आणि स्पीकर उचलून घेऊन गेली. जन्मभर खड्ड्यांवर लिहिलं, एक बुजला नाही. ही बातमी मात्र लगेच फळली.

पुढच्या दिवशी संध्याकाळी वंदनाताई घरी आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं.

"भाऊ, आमच्या शोभाबाई, त्यायचे मालक गेल्यापासून वर्षभर घराबाहेर निघाल्या नव्हत्या. भजनाले बोलावलं, नाही आल्या. या ठेक्यानं आल्या. पहिले आठ दिवस बाकावर बसून नुसता पाय हलवत. आज गाणं नाही, तर त्या बी नाही आल्या. दार लावून बसल्या. काहून लिहिलं, तेवढं सांगा."

त्यांच्याकडूनच गाणं मागून घेतलं आणि फोनवर अर्थ काढला. तो माणूस एका मुलीला एवढंच म्हणत होता, की उद्याचं उद्या पाहू, आज नाच. जे छापायच्या आधी करायचं, ते मी छापल्यावर केलं.

मग तावातावानं कार्यालयात गेलो. "कोणत्या आदेशानं स्पीकर उचलला? लेखी दाखवा."

बाबूनं फाइल उघडली. आत एकच कागद, माझ्या बातमीचं कात्रण.

"नागरिक संतप्त होते ना, साहेब?"

"मीच होतो तो. एकटा. माझं पत्र घ्या आणि स्पीकर द्या."

"असं कसं? बातमीत तुमी परिसर लिहिला आहे. एका सहीनं अख्खा परिसर शांत झाला, असं मी फाइलवर कसं लिहू? बाकीच्यायचं ना-हरकत पत्र आणा."

बाकीचे मी कुठून आणू?

खुलासा मी छापला. तो कोणी कापून फाइलला लावला नाही. वर्ग बंद आहे. शोभाबाई अजून बाहेर पडलेल्या नाहीत. स्पीकर त्या कार्यालयातल्या कपाटावर धूळ खात आहे, आणि तो कोणाच्या आदेशानं उचलला, हे आजवर कोणीही लेखी दिलेलं नाही.