गंगेपलीकडची सायकल

आई शेहेचाळीस वर्षांची असताना तिनं शाळेच्या एका फॉर्मवर खोटं लिहिलं, आणि ते खरं करायला तिला अख्खा हिवाळा लागला.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही बनारसला रामघाटावर राहत होतो. आई मैदागिन चौकाच्या पुढे एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि रोज पायी जायची. एकदा शाळेत सगळ्या शिक्षकांना एक फॉर्म दिला. ‘शाळेत कशाने येता?’ या प्रश्नापुढे बस, रिक्षा, स्कूटर आणि सायकल एवढेच चौकोन होते. पायी येणाऱ्यांसाठी चौकोनच नव्हता. आईनं सायकलीवर खूण केली आणि घरी जेवताना ते सांगितलं.

बाबा वेदपाठशाळेत शिकवत. कुणाचा एक अनुस्वार चुकला तरी त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, “अगं, पण तुला सायकल येत नाही.”

“नाही येत.”

“मग उद्या जाऊन खोडून ये.”

आईनं शांतपणे भात कालवला. “खोडणार नाही. शिकेन.”

पुढच्या रविवारी ती खरंच लेडीज सायकल घेऊन आली. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला ओट्यावर चढावं लागे आणि सांड आला तर दोघांनाही. त्यात जागोजाग पायऱ्या. शाळेच्या मैदानावर शिकावं तर मुली हसणार. सपाट, मोकळी आणि विद्यार्थिनी नसलेली जागा एकच उरली, ती म्हणजे गंगेपलीकडची वाळू.

ओळखीच्या नाववाल्याशी ठरवून टाकलं. रोज उजाडलं की आई पुढून आणि मी मागून सायकल उचलून घाटाच्या पायऱ्या उतरायचो. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की या सायकलीशी आपला काही संबंध नाही असा चेहरा मी करायचे. मागचं चाक हातात असताना ते सोपं नसतं.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडेच असायची. आई पडेल याची तिला काळजी नव्हती. तिची काळजी वेगळीच होती. काशीत मेलं तर मोक्ष, पण पलीकडच्या काठावर मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, असं आमच्याकडे मानतात.

“पडलीस आणि तिथंच गेलीस तर काय करशील?” तिनं आईला विचारलं.

“वन्सं, गाढवाला फॉर्म भरावे लागत नाहीत.”

आत्याला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आईच्या पदराला गंगाजळाची कुपी बांधून द्यायला लागली. अख्खी गंगा ओलांडून आई तिकडे जायची, पदराला गंगाजळ बांधून.

पहिला आठवडा नुसता फुकट गेला. कोरड्या वाळूत चाकं रुतायची आणि सायकल जागची हलायची नाही. नाववाला बिडी ओढत बघत बसायचा. शेवटी म्हणाला, “माताजी, ई त ऊँट क काम हौ.” मग त्यालाच दया आली. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते हे त्यानं पायानं ठोकून दाखवलं, तिथं आपलं वल्हं उभं रोवलं आणि त्याला डावीकडे ठेवून गोल फिरायला सांगितलं. आईनं साडीचा काष्टा मारला आणि फिरायला लागली. दोनदा पाण्यात पडली. थंडी अशी होती की तिचे दात वाजताना मला ऐकू यायचे.

माघात यात्रेकरूंच्या नावा वाढल्या. एका नावेतल्या लोकांनी नाववाल्याला विचारलं, ती बाई काय करतेय? फॉर्मची हकिगत कोण सांगत बसणार? “मन्नत हौ,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी चार बायका हळदकुंकू घेऊन आल्या, वल्ह्याला वाहिलं आणि हात जोडून आईच्या सायकलीमागे, उलट्या दिशेनं का होईना, प्रदक्षिणा घालायला लागल्या. आई थांबली नाही. “त्यांच्यामुळे आज दोन फेऱ्या जास्त झाल्या,” परतताना तिनं समाधानानं सांगितलं.

होळीनंतरच्या सोमवारी ती सायकलनं शाळेला निघाली. मैदागिनपर्यंत गल्ल्यांतून ढकलत नेली, मग बसली. मी मागून रिक्षातून. सुरेख चालवत होती. फाटकापाशी मुली एका सुरात ओरडल्या, “नमस्ते बहनजी!”

“नमस्ते,” असं म्हणून आई तशीच पुढे निघून गेली.

“अगं, थांब ना!” मी ओरडले.

“कशी थांबू?”

तेव्हा उलगडा झाला. वाळूत सायकल आपोआप थांबते. तीन महिन्यांत तिनं ब्रेकला हात लावला नव्हता. आणि वळायला येत होतं ते फक्त डावीकडे. चार डावी वळणं घेऊन पाच मिनिटांनी ती पुन्हा फाटकासमोर आली, पुन्हा मुलींनी नमस्ते केलं, पुन्हा ती गेली. तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापिका बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांनाही आईनं नीट मान लववून नमस्कार केला. शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या वाळूच्या ढिगावर तिनं सायकल सरळ घातली, कलंडली, उठली, हात झटकले आणि प्रार्थनेला जाऊन उभी राहिली. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

संध्याकाळी बाबांनी पोथीतून डोकं वर न काढता विचारलं, “पोचलीस का?”

“तीनदा,” आई म्हणाली.

ब्रेक ती त्याच आठवड्यात शिकली. उजवं वळण मात्र शेवटपर्यंत उतरूनच घ्यायची. निवृत्त होईपर्यंत तिनं ती सायकल सोडली नाही, जरी अर्धी वाट गल्ल्यांमुळे आणि उरलेली बरीचशी मैदागिनच्या कोंडीमुळे ढकलतच काढावी लागे. एकदा तिच्याबरोबर चालताना मी विचारलं, यापेक्षा नुसतं पायी गेलं तर?

“पायी दहा मिनिटं लवकर पोचते,” ती म्हणाली आणि घंटी वाजवत गर्दीत शिरली.