वत्सलाताईंच्या चिठ्ठ्या

वत्सलाताई परीक्षा घेऊ लागल्या की छताचा पंखासुद्धा धाकानं हळू फिरायचा. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, गावभर पाट्यांचे रंग ओले होते. तात्यापाऱ्यातल्या आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात, रेल्वेतून निवृत्त झालेल्या ताई एका मोडक्या खुर्चीवरून राज्य चालवत होत्या.

शिकवायला मी, दाखल्यावर सही मात्र ताईंची. त्या वर्षी मी सगळ्यांना पास केलं; दाराशी बांधलेली शेळी हजेरीपटावर असती तर तीही पास झाली असती. दुलारी तर आख्खं पुस्तक घडाघडा म्हणायची. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात ती झाडू मारायची. वाचता येतं असा दाखला मिळाला, की भट्टीजवळचं पक्कं काम तिचंच होतं.

ताईंनी तिला वाचायला बसवलं. बोट पहिल्या पानावर, तोंड तिसऱ्या पानावर पोचलेलं!

"गुरुजी, इनं पाठ केलं. वाचलं नाही."

"जाऊ द्या ना ताई, गरीब बाई आहे."

"म्हणूनच तर! भट्टीजवळ 'पुढे जाऊ नका' लिहिलं असन, तिथं हा पाठ केलेला धडा कामी येईन काय?"

मग त्यांनी हिंदीत एक चिठ्ठी लिहिली. मोठ्यानं वाचायचं नाही, लिहिलंय ते करून दाखवायचं. लिहिलं होतं, 'माठावर झाकण ठेव.' दुलारी बिचारी अंदाजानं ताईंच्या पाया पडली.

दाखला अडला. दुलारी रडली, मी रुसलो. ताई म्हणाल्या, "रोती काहे को है? कल आ."

तीन महिने रोज नवी चिठ्ठी. अर्ध्या रायपूरचा कागद ताईंनीच संपवला असावा. दारं उघडली, मिटली, खिडक्या झिजल्या, कारखान्यातून थकून आलेली दुलारी अक्षर-अक्षर चावत राहिली.

शेवटच्या दिवशी चिठ्ठी हातात घेऊन ती नुसती उभी. कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, बुडालं सगळं.

"आलं नाही काय?" ताईंनी विचारलं.

"आइस दीदी," होकारार्थी मान हलवत ती कशीबशी म्हणाली, "फेर... उठ न. मोला बइठना हे."

चिठ्ठीत तेच होतं: 'मला उठव आणि माझ्या खुर्चीवर बस.'

ताई उठल्या. दाखल्यावर सही त्यांनी उभ्यानंच केली.

ताई जाऊन बरीच वर्षं झाली. परीक्षेला आता त्या खुर्चीवर, सुट्टी काढून, दुलारी बसते. मी कुणाला हळूच पास करू लागलो, की चष्म्यावरून बघत विचारते, "गुरुजी, चिट्ठी दिए क्या?"