फरशीवरचा ग्रीस

शिशुवर्गाच्या बाईंना ग्रीस तोंडपाठ झाला तो त्यांच्या लेकीपायी.

घरी आई, शाळेत बाई, हा दोघींचा करार. लेकीला सगळे ठकी म्हणत, कारण एका जागी बसवलं की लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची. तिचे बाबा मालवाहू जहाजावर आचारी होते. गेल्या हिवाळ्यात ते जहाज ग्रीसच्या समुद्रात बुडालं. कंपनीचा माणूस घरी आला, चहाला हात न लावता म्हणाला, "शोध थांबवलाय, वहिनी."

"कसला शोध?" ठकीने दाराआडून विचारलं.

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बाबा एका बेटावर उतरलेत. बोट मिळाली की येतील."

"कुठल्या बेटावर?"

झालं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. ठकी जेवायला बसली की विचारायची, आज बाबा कुठे? बाईंनी वाचनालयातून नकाशांचं पुस्तक आणलं. आज नाक्सोस, तिथे संगमरवराचे डोंगर. उद्या क्रीट, तिथे बकऱ्या रस्ता अडवतात. परवा आणखी कुठलं तरी, पांढऱ्या घरांचं, निळ्या दारांचं. सासूबाई ताटावरून उठता उठता म्हणत, "माझा लेक होता गं तो. मी गिळलंच ना? पोरीला सांगून टाक."

"सांगते हो. शाळा तर सुरू होऊ दे."

शाळा सुरू झाली. "आता काय, शाळा संपू दे?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी बोट काही किनाऱ्याला लागायची नाही."

त्यात मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, प्रत्येक वर्गाने एका दूरच्या देशाची ओळख करून घ्यायची. "तुम्हाला कुठला जमेल?"

"ग्रीस."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "बघा हं. झेपेल?"

"तेवढाच येतो मला."

आणि आठवडाभर वर्ग ग्रीसमध्ये नांदला. देव उंच डोंगरावर राहायचे म्हटल्यावर एकाने विचारलं, "त्यांना पाणी कोण नेऊन द्यायचं?" बाक रचून दगडी पायऱ्यांचं उघडं नाटकघर झालं. कागदी ताटल्यांचे मुखवटे झाले, हसरे आणि एक रडका. रडका कुणालाच नको, तो कपाटावर पडला. ऑलिव्ह चाखून सगळ्यांनी एकजात तोंडं वाकडी केली. "बाई, हे नासलंय."

शेवटच्या दिवशी बाईंनी खडूने फरशीभर बेटं काढली. खेळ नेहमीचाच, डोंगर-पाणी. बेटं म्हणजे डोंगर, उरलेली फरशी पाणी. ज्याचं त्याचं एक बेट.

"मी सांगितल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पाण्यात पाय पडला की तो..." बाई थांबल्या.

"बुडाला," मुलांनी वाक्य पुरं केलं.

राज्य ठकीवर आलं. पण ती कुणाला पकडेना. पाण्यातून सावकाश चालत पहिल्या बेटापाशी गेली.

"तुझ्याकडे माझे बाबा आहेत?"

"नाही गं. माझ्याकडे बकऱ्या आहेत."

"तुझ्याकडे?"

"माझं बेट बघ केवढुसं. मीच मावत नाही."

तिसरीने तर बूट उचलून खाली बघितलं. "नाहीत."

बाईंना खेळ थांबवता आला असता. त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. ठकी शेवटच्या बेटाकडे वळली तशा त्या खाली वाकल्या आणि दाराजवळच्या मोकळ्या फरशीवर घाईघाईने आणखी एक बेट काढू लागल्या.

ठकी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, त्याच्यावर कुणीच नाहीये."

खडू थांबला.

"सगळ्यांना विचारून झालं. मग बाबा पाण्यात आहेत?"

बाईंनी वर बघितलं. इतके महिने बेटांची नावं जिभेवर तयार असायची, आता एकही आठवेना.

"हो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आउट," बकऱ्यांच्या बेटावरचा मुलगा शेजारच्याला हळूच म्हणाला.

ठकी अर्धवट काढलेल्या त्या बेटाकडे बघत राहिली. मग करार विसरून म्हणाली, "आई, मग एवढी बेटं कशाला काढलीस?"

बाई उकिडव्याच बसून राहिल्या. बाकीची मुलं आपापल्या बेटावर पाय चोरून, तोल सावरत उभी होती. सांगितल्याशिवाय उतरायचं नाही, असं बाईंनीच बजावलं होतं.