हौसाआक्काची वहिवाट

मी एकदा पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहतूक बंद पाडली होती. मोर्चा नाही, घोषणा नाही, एकटीनं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. पण नातीची सायकल पार्किंगमध्ये गंजत पडली होती, आणि शाळेत मी सायकलच्या शर्यतीत पहिली आले होते ही थाप मी घरात इतक्यांदा मारली होती, की ती मलाच खरी वाटू लागली होती. लांबून दिसावं म्हणून ह्यांचं कंपनीतलं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगात घातलं आणि मोशीच्या आमच्या सोसायटीतून थेट हमरस्त्यावर आले.

जरा पुढे गेल्यावर धाप लागली. उतरले. मागून नव्याकोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर येताना दिसला, म्हणून 'मला बाजूला होऊ दे' अशा अर्थानं हात वर केला. तो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, आगे काम चालू है क्या?" मला कोणी मॅडम म्हटलं की मी नाही म्हणत नसे. मान हलवली. त्यानं इंजिनच बंद केलं. त्याच्यामागे दुसरा ट्रेलर, त्यामागे पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या, टेम्पो, कामावर निघालेले शेकडो मोटारसायकलवाले. सगळे माझा हात खाली यायची वाट पाहत होते, आणि हात खाली घेतला तर हे सगळे एकदम माझ्या अंगावर येतील म्हणून मी तो खाली घेत नव्हते.

अशा वेळी रस्त्याकडेच्या वर्कशॉप आणि भंगारवाल्याच्या कुंपणामधल्या फटीतून एका काळ्या सायकलचं चाक बाहेर आलं. मधे दांडा असलेली पुरुषी सायकल, मागे गवताचा भारा आणि वर कासोटा घातलेली, माझ्याहून मोठी दिसणारी बाई. तिनं एकवार माझ्याकडे, एकवार त्या रांगेकडे पाहिलं.

"हात खाली घे की गं बाये! पोटासाठी चालल्यात ती माणसं." आणि माझं हँडल धरून तिनं मला सायकलसकट त्या फटीत ओढलं. "आन् ते टोपडं काढ. हितं डोक्यावर काय पडत न्हाई. पडलंच तर बगळ्याचं पडतंय."

ही हौसाआक्का. जुन्या मोशी गावातली, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतकरीण. गावाच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, घराघरात चारचाकी आली, तरी आक्का सायकलवरच. एके काळी म्हशींचं दूध तिनं ह्याच सायकलवरून घरोघर पोचवलं होतं. आता एकच म्हैस उरली होती आणि आक्का तिच्यासाठी रोज नदीकाठचं गवत आणायची. "मुलगा म्हंतो स्कुटी घे. कशापायी? स्कुटीला पेट्रोल लागतंय, मला भाकरी लागती. भाकरी तर मी तशी बी खाणारच."

त्या फटीत शिरलं की पाणंद लागायची. दोन्ही बाजूंना घाणेरी, निवडुंग, मधूनच एखादा करंज आणि मधे जेमतेम बैलगाडीपुरती मातीची वाट. थोडं आत गेलं की मागचे हॉर्न बंद पडल्यासारखे वाटत. वाट कुठेही चढायची नाही. खाली इंद्रायणीच्या काठाला लागायची आणि मग काठाकाठानं डुडुळगाव, चऱ्होलीच्या अंगानं जायची. मधे एक चिबड जमिनीचा पट्टा होता. पूर ओसरला तरी तिथलं पाणी ओसरत नसे. त्यात पाणकणसं, लव्हाळी आणि लांब गुलाबी पायांचे शेकाटे पक्षी. आक्का त्यांना 'ढांगाळ्या' म्हणायची. मला वाटायचं, अशी सपाट, बिनगाडीची वाट हिला सापडली कशी? विचारलं तर म्हणाली, "म्या कुठली हुडकायला? म्हशीनं दावली. म्हस कदी चढावर जात न्हाई, गाडीखाली जात न्हाई आन् पाण्यापासनं लांब जात न्हाई. वाट निवडायची आसंल तर म्हशीच्या पायानं निवडावी. माणसाच्या डोक्यानं निवडली की तू गेलतीस तितं जाती."

नदी काही चित्रातल्यासारखी नव्हती. कधी फेसाचे डोंगर वाहायचे, कधी जलपर्णीनं पाणीच दिसायचं नाही, वास तर असा की पदर नाकाला. पहिल्याच आठवड्यात मी तोंड वाकडं करून म्हटलं, "आक्का, दुसरीकडून जाऊ या का?" त्या वेळची मी म्हणजे सुगंधी रुमाल घेऊन सायकल चालवणारी. आक्का थांबली. "सुनंदे, तुझी आई आजारी पडली, अंगाला वास यायला लागला, तर तू तिच्या खाटंपासनं लांबनं जाशील का?" त्यानंतर रुमाल घरीच राहिला.

हळूहळू आमच्या सोसायटीतल्या आणखी काही जणी येऊ लागल्या. कुणी लातूरची, कुणी चिपळूणची, मी सांगलीची. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे इथे आलो आणि इथल्याच झालो, पण सोसायटीच्या फाटकाबाहेरचं गाव आम्हाला ठाऊक नव्हतं. आक्कानं ते दाखवलं. तिचे नियम ठरलेले. समोरून भारा घेतलेलं कोणी आलं की आपण उतरून बाजूला व्हायचं. "भरल्याला वाट आदी. रिकाम्यानं घाई करू नये." घंटी वाजवायची नाही, कारण ढांगाळ्या अंड्यांवर बसलेल्या असत. आणि रोज यायचं. ताप असेल तरच सुट्टी. मी म्हणायची, "आक्का, ही शाळा आहे का?" ती म्हणायची, "शाळंला सुट्टी दिली तर शाळा कुठं पळून जात न्हाई. वाट जाती."

ती काय म्हणत होती, ते मला एका सकाळी कळलं. पाणंदीच्या तोंडाला निळे पत्रे ठोकलेले होते. आतली दोन्ही अंगांची जमीन प्लॉटिंगवाल्याला विकली गेली होती, आणि विकणारा होता आक्काचाच मुलगा, दत्तू. पाणंद कुणाच्याच मालकीची नव्हती, गावाची होती. पण 'तिथून आता कोणी जात नाही' असं दत्तूनं सांगून टाकलं होतं, म्हणजे दोन्हीकडचे प्लॉट एकमेकांना जोडता येतील.

आक्कानं अंगणात त्याला गाठलं. आम्ही कुंपणाशी. "आई, कोण जातंय आता तितनं? चार बाया?" दत्तू वैतागून म्हणाला.

"मी जाते."

"उद्या तुज्याच नातवाला शाळंत घालायला कामाला येतील की हे पैसे!"

"मंग नातवाला सायकलवर कुठनं नेऊ? ट्रेलरखालनं?"

तिनं तहसीलात तक्रार दिली आणि रोजच्या वेळेला पत्र्यांपुढे सायकल घेऊन उभी राहू लागली. मागे आम्ही. एरवी घंटीला मनाई होती, इथे मात्र ती वाजवायची आणि आम्हाला वाजवायला लावायची. पत्र्याआडून बीडकडचा वॉचमन कळवळून म्हणायचा, "मावशे, कामून तरास देता? माझी नोकरी जाईल." आक्का म्हणायची, "तू तुजी नोकरी कर लेकरा. दार उगडू नको. मी बी माजी ड्यूटीच करती." तासभर थांबून परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऊन असो, पाऊस असो.

पाहणीची तारीख ठरली, तेव्हा माझ्यातली जुनी शहाणी जागी झाली. मी बेत आखला: हास्यक्लबातल्या सगळ्या बायका गोळा करायच्या, ज्यांना सायकल येत नाही त्यांनी हातात धरून चालायचं, आणि साहेबांना सांगायचं की आम्ही वर्षानुवर्षं इथूनच जातो. फ्लेक्ससुद्धा छापायला टाकणार होते. त्यात आक्काचा फोटो, आणि शेजारी जरासा मोठा माझा.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "लबाडीची वहिवाट नगं. रोज येत्यात तेवड्याच बाया. खोटी एक घुसली ना, तर खऱ्या सगळ्या खोट्या हुत्यात."

तर त्या दिवशी आम्ही होतो तेवढ्याच उभ्या राहिलो. तहसीलातले सर्कलसाहेब आले, तलाठी आले, प्लॉटिंगवाल्याचा माणूस काळा चष्मा लावून आला. साहेबांनी पत्रे बाजूला करायला लावले. वाट तण माजून अर्धी दिसेनाशी झाली होती. साहेबांनी दत्तूला विचारलं, "तुम्ही लगतचे जुने खातेदार. ही वाट वापरात होती का?"

दत्तूनं काळ्या चष्म्याकडे पाहिलं. "न्हाई साहेब. मोडलीय कवाच."

मला वाटलं, आक्का आता शिव्या घालणार. तिला त्या उत्तम येत. पण ती सायकल स्टँडला लावून त्याच्यासमोर गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दत्तू, तुज्या बापाला आपुन नदीवर कुठनं नेला रं?"

हमरस्त्यावरचा हॉर्न तेवढा आत येत होता. दत्तू खाली तणाकडे बघत राहिला.

"तू फुडं व्हतास," ती म्हणाली. "मडकं तुज्या हातात व्हतं. सांग साहेबांला."

"हितनंच," दत्तू म्हणाला. मग मान वर करून, मोठ्यानं, "हितनंच नेला साहेब. आमच्या घरचं समदं हितनंच गेलं. वाट चालू हाय. आई रोज जाती."

पत्रे निघाले. काळा चष्मा दत्तूला जाता जाता काहीबाही बोलला. आक्कानं दत्तूला तिथेच कामाला लावलं. "बगत काय बसलास? इळा घे, तण काड."

गेल्या थंडीत आक्का गेली. दुपारी म्हशीला पाणी दाखवून ओट्यावर टेकली ती उठलीच नाही. तिलाही त्याच पाणंदीनं नेलं. आम्ही बायका मागून चालत गेलो आणि ठरवलं की तेरावा होईपर्यंत सायकली काढायच्या नाहीत. तसं बरं दिसत नाही, असं मीच म्हटलं. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून काय शिकले, ते देवालाच ठाऊक.

राख सावडली त्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमननं खालून निरोप दिला की कोणी भेटायला आलंय. दत्तू होता. सुतकातला माणूस, म्हणून जिन्याशीच उभा. मी वर बोलावलं तरी आला नाही. डोळे सुजलेले, आवाज मात्र थेट आईचा.

"मावशी," तो म्हणाला, "सुतक आमाला हाय, वाटंला न्हाई. तीन दिस चाक फिरलं न्हाई, तर आज सकाळी प्लॉटिंगवाल्याची दोन माणसं टेप लावून वाट मोजून गेली. आईसाठी रडायचं आसंल तर सायकलवर बसून रडा."